सायनस लिफ्ट: वरच्या दाढेचं इम्प्लांट बसवण्याआधी, शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि नंतर

वरची दाढ काढून काही वर्षं उलटली आहेत. आता तिथे इम्प्लांट (हाडात रुतवायचं कृत्रिम मूळ, त्यावर नंतर दाताची कॅप बसते) बसवायचं ठरवलंय आणि स्कॅन पाहून डॉक्टर सांगतात, "इथे हाड कमी पडतंय, आधी सायनस लिफ्ट करावी लागेल." खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा त्या क्षणी कसा बदलतो ते मी अनेकदा पाहिलंय. दातासाठी आलो आणि मध्येच हे सायनस कुठून आलं? नाकाचं ऑपरेशन आहे का? डोळ्याला काही होणार नाही ना? मनात असे दहा प्रश्न असतात, आणि बरेच जण त्यातला एकही न विचारता मान डोलावून घरी जातात. त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

सुरुवातीलाच एक आग्रह. दाढेच्या जागी आता किती उंचीचं हाड उरलंय, हा आकडा मिलिमीटरमध्ये विचारून घ्या आणि लिहून ठेवा. सायनस लिफ्ट लागेल का, लागली तर कोणत्या पद्धतीची, इम्प्लांट त्याच दिवशी बसेल की सहा ते नऊ महिन्यांनी, हे मुख्यतः या एका आकड्यावर ठरतं. तो माहीत असला की डॉक्टरांचं पुढचं बोलणं आपोआप समजायला लागतं.

हाड गेलं कुठे?

वरच्या दाढांच्या मुळांच्या वर, डोळ्याच्या खोबणीच्या खाली आणि नाकाच्या बाजूला गालाच्या आत एक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. उजवीकडे एक, डावीकडे एक. मोठ्या माणसात एकेका पोकळीत साधारण १२ ते १५ मिलिलिटर हवा मावते. तिच्या भिंतींना आतून एक पातळ, ओलसर पडदा असतो. तो निरोगी असेल तर त्याची जाडी बहुधा १ मिलिमीटरपेक्षाही कमी असते. सायनस लिफ्टमध्ये उचलला जातो तो हाच पडदा, आणि त्याच्याखाली जी जागा होते तिथे हाडाची भर घालतात.

या पोकळीची एक गंमत आहे, आणि शस्त्रक्रिया शक्य होते ती तिच्यामुळेच. सायनसचं नाकात उघडणारं तोंड तळाशी नसतं, वरच्या बाजूला असतं. पडद्यावरचे अतिसूक्ष्म केसासारखे तंतू आतला स्राव चक्क चढावर ढकलत त्या तोंडापर्यंत नेतात. त्यामुळे तळ काही मिलिमीटर वर आणला तरी सायनसचं काम थांबत नाही. वरचं तोंड मात्र मोकळं राहायला हवं.

दाढ निघाली की तिथलं हाड दोन्ही बाजूंनी घटतं. चावण्याचा ताण बंद झाल्याने खालून हिरडीकडचं हाड झिजतं आणि वरून सायनस हळूहळू खाली पसरतो. दहा-बारा मिलिमीटर हाड होतं तिथे काही वर्षांनी तीन-चार मिलिमीटर उरलेलं मी पाहिलंय. दाढ नुकतीच काढली असेल किंवा काढायची असेल, तर पुढे तिथे काय बसवायचं हे डॉक्टरांशी त्याच वेळी बोला. काढलेल्या जागी तेव्हाच हाडाची भर घालून ही झीज बरीच रोखता येते.

पहिली पायरी: स्वतःबद्दल सगळं सांगणं

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पुढच्या गोष्टी तुम्ही होऊन सांगा. वारंवार सर्दी होते का, एका बाजूचं नाक चोंदलेलं राहतं का, ॲलर्जी आहे का, पूर्वी नाकाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया झाली आहे का. मधुमेह असेल तर गेल्या तीन महिन्यांतली एचबीएवनसी तपासणी (सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सोबत न्या. साखर ताब्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. हे काम तातडीचं कधीच नसतं, त्यामुळे साखर आटोक्यात आणूनच पुढे जावं.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधं लोक हमखास सांगायची विसरतात. बिस्फॉस्फोनेट गटातल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं आणि डेनोसुमॅबचं इंजेक्शन यांमुळे जबड्याचं हाड शस्त्रक्रियेनंतर न भरण्याचा धोका असतो. कॅन्सरसाठी ही औषधं मोठ्या मात्रेत दिलेली असतील तर धोका आणखी वाढतो. वर्षातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन असेल तर 'औषध चालू आहे' हे लक्षातच राहत नाही. चेहऱ्याला पूर्वी रेडिएशन दिलं असेल तर तेही सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. ती चालू ठेवायची की थांबवायची, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी आणि दंतशल्यचिकित्सकाने एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं.

आणि धूम्रपान. तंबाखूच्या धुराने पडद्याचे तंतू मंदावतात, रक्तपुरवठा आखडतो, आणि इम्प्लांट न टिकण्याचं प्रमाण वाढतं. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी बंद करा आणि हाड भरेपर्यंत बंदच ठेवा. ज्याला हे जमणार नाही त्याने तसं स्पष्ट सांगावं, म्हणजे दुसरा पर्याय निवडता येतो. लपवलं तर नुकसान रुग्णाचंच होतं.

दुसरी पायरी: सीबीसीटी स्कॅन

साध्या एक्स-रेवर हाडाची उंची अंदाजे कळते, पण तेवढ्या आधारावर सायनसला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. सीबीसीटी हा त्रिमितीय एक्स-रे असतो, त्यात जबडा तिन्ही बाजूंनी दिसतो. डॉक्टरांना तो संगणकावर उघडून दाखवायला सांगा आणि चार गोष्टी विचारा.

उंची आणि रुंदी किती आहे? हे पहिलं. दुसरं, सायनसच्या आत हाडाच्या आडव्या-उभ्या भिंती आहेत का? बऱ्याच जणांच्या सायनसमध्ये अशा भिंती असतात. पडदा उचलताना तो फाटण्याचा धोका तिथेच जास्त, म्हणून सायनसपर्यंत पोचायला हाडात जी खिडकी करतात ती कुठे करायची, ते त्यांच्यावरून ठरवावं लागतं. तिसरं, बाजूच्या भिंतीतून जाणारी रक्तवाहिनी किती उंचीवर आणि किती जाड आहे? आधी कळलं तर ती चुकवता येते. चौथं, पडदा जाड झालाय का आणि सायनसचं तोंड मोकळं आहे का?

या चौथ्या मुद्द्यावर थोडं थांबतो. पडदा एकाच बाजूला सुजलेला दिसला तर आधी शेजारचे दात तपासायला हवेत. मूळ सडलेल्या दातातला संसर्ग वर सायनसमध्ये पोचतो आणि माणूस वर्षभर सर्दीचं औषध घेत बसतो. त्या दाताचा बंदोबस्त केला की पडदा बहुतेकदा आपोआप निवळतो. सायनसमध्ये पू असेल, पॉलिप (पडद्यावरच्या मऊ वाढी) असतील किंवा तोंड बंद असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ते आधी बरं करा. घुमटासारखी दिसणारी छोटी, निरुपद्रवी गाठ कित्येकांच्या सायनसमध्ये सापडते. ती दिसली म्हणून शस्त्रक्रिया रद्द होतेच असं नाही.

तिसरी पायरी: आकड्यावरून मार्ग

हाडाची उंची ८ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर बहुधा सायनस लिफ्टची गरजच पडत नाही. ५ ते ८ मिलिमीटर असेल तर इम्प्लांटसाठी केलेल्या भोकातूनच पडदा थोडा वर उचलता येतो. ५ पेक्षा कमी असेल तर बाजूने खिडकी उघडून मोठी लिफ्ट करावी लागते. बाजूने केलेल्या लिफ्टमध्येही साधारण ४-५ मिलिमीटर घट्ट हाड असेल तर इम्प्लांट त्याच दिवशी बसवता येतं. त्याहून कमी असेल तर आधी हाड तयार करायचं आणि इम्प्लांट नंतर. हे आकडे ढोबळ आहेत. हाडाची घनता, रुंदी आणि शल्यचिकित्सकाचा हात यांनुसार एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे होतो.

होकार देण्याआधी पर्यायही ऐकून घ्या. ६ मिलिमीटरच्या आसपासची आखूड इम्प्लांट आता चांगली टिकतात, आणि बेताचं हाड असलेल्यांना त्यामुळे मोठी शस्त्रक्रिया टाळता येते. जबड्यातले सगळेच दात गेले असतील तर सायनसच्या पुढच्या बाजूला तिरकी इम्प्लांट बसवतात. हाड अगदीच नसेल तर गालाच्या हाडात रुतवायची लांब इम्प्लांटही आहेत. शेजारचे दात भक्कम असतील तर त्यांच्या आधाराने बसवलेला पक्का दात, म्हणजे ब्रिज, होऊ शकतो. काढ-घालीची कवळी हाही एक मार्ग आहे. एखादी मागची दाढ नसली तरी काहींचं काम नीट चालतं. काहीच न करणं हा पर्यायही डॉक्टरांनी तुमच्यापुढे मांडायला हवा.

दोन पद्धती

हिल्ट टेटम या अमेरिकन दंतवैद्याने १९७०च्या दशकात ही शस्त्रक्रिया सुरू केली. १९८० मध्ये बॉइन आणि जेम्स यांनी त्यावरचा लेख प्रसिद्ध केला आणि ती जगभर गेली. ही बाजूची खिडकी करून केलेली लिफ्ट. पुढे १९९४ मध्ये समर्स यांनी खालून, भोकातूनच पडदा उचलायची पद्धत मांडली.

खालून केलेली लिफ्ट लहान असते. जखम छोटी, सूज कमी, आणि उंची साधारण २ ते ४ मिलिमीटर वाढते. मूळ पद्धतीत बारीक दांडा ठेवून त्यावर हातोडीने हलके ठोके देत तळाचं हाड वर ढकलतात. ठोके कानापर्यंत घुमतात, दुखत नाहीत, पण माणूस दचकतो. क्वचित एखाद्याला या ठोक्यांनंतर कुशीवर वळलं किंवा अंथरुणातून उठलं की गरगरतं. कानाच्या आतले सूक्ष्म कण जागचे हलल्यामुळे हे होतं, आणि डोकं ठरावीक क्रमाने फिरवण्याच्या व्यायामाने बरं होतं. असं झालं तर घाबरू नका, डॉक्टरांना फोन करा. आता ठोक्यांशिवाय, खास ड्रिलने किंवा पाण्याच्या दाबाने पडदा उचलायच्या पद्धतीही आहेत.

बाजूच्या लिफ्टमध्ये हिरडी बाजूला करून सायनसच्या बाहेरच्या भिंतीत अंगठ्याच्या नखाएवढी खिडकी करतात. हे काम नेमकं काय आहे ते सांगायला मला एकच उदाहरण सुचतं. कच्च्या अंड्याचं टरफल घासून त्याला खिडकी पाडायची, पण आतली पांढरी त्वचा शाबूत ठेवायची. शिकताना आम्ही खरोखर अंड्यावरच हात बसवतो. टरफल पातळ होत जातं, त्याचा रंग बदलतो, आणि एका क्षणी खालची त्वचा दिसते. तेव्हा हात थांबला पाहिजे. तोंडातही अगदी असंच होतं. पांढरं हाड घासता घासता खालून राखाडी-निळसर झाक दिसू लागते आणि रुग्णाच्या श्वासाबरोबर पडदा मंदपणे हलताना दिसतो. अल्ट्रासॉनिक लहरींवर चालणारी पिएझो उपकरणं हाड कापतात आणि मऊ पडदा बहुतांशी सोडून देतात, म्हणून आता अनेक जण ती वापरतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

एका बाजूची लिफ्ट दाताच्या नेहमीच्या भुलेतच होते, पूर्ण बेशुद्ध करायची गरज बहुधा नसते. फार भीती वाटत असेल तर गुंगीचं औषध देता येतं. मग उपाशी यायचं की नाही ते आधी विचारा आणि सोबत कोणी तरी आणा. त्या दिवशी सर्दी असेल, नाक वाहत असेल, तर फोन करून तारीख पुढे ढकला. एवढ्यासाठी कोणी रागावणार नाही.

भूल चढली की दुखत नाही. दाब, थरथर आणि पाण्याचा आवाज जाणवतो. खिडकी झाली की वळणदार, बोथट हत्यारांनी पडदा हाडापासून हळूहळू सोडवत वर उचलतात. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा. पडदा आणि तळ यांच्यामध्ये जी जागा होते, तिच्यात ग्राफ्टचे, म्हणजे भर घालायच्या हाडाचे किंवा हाडासारख्या पदार्थाचे, दाणे सैलसर भरतात. कोंबून भरले तर रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाव राहत नाही. मग खिडकीवर कोलॅजनचा पातळ थर ठेवून हिरडी शिवून टाकतात.

सगळ्यात जास्त होणारी अडचण म्हणजे पडदा फाटणं. बाजूच्या लिफ्टमध्ये सरासरी पाचातल्या एका शस्त्रक्रियेत हे घडतं, म्हणून त्याबद्दल आधी मोकळेपणाने बोलून घ्यावं. भोक बारीक असेल तर पडदा आणखी सैल केल्यावर ते घडीत मिटतं, किंवा कोलॅजनचा तुकडा लावून झाकतात. फाट मोठी असेल तर तिथेच थांबायचं, हिरडी शिवून टाकायची आणि काही महिन्यांनी पुन्हा करायचं. "डॉक्टरांनी अर्धवट सोडलं" असं घरचे म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण फाटलेल्या पडद्याखाली दाणे भरले तर ते सायनसमध्ये सांडतात आणि खरा त्रास तिथून सुरू होतो. वेळीच थांबणारा डॉक्टर तुमचं भलंच करत असतो.

ग्राफ्टबद्दल एवढंच: ते तुमच्याच हाडाचं असतं, मानवी दात्याच्या हाडावर प्रक्रिया केलेलं असतं, प्राण्याच्या, बहुधा गाईच्या, हाडातला खनिज भाग असतो किंवा पूर्ण कृत्रिम असतं. कृत्रिममध्ये बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिॲपटाइट येतात. स्वतःचं हाड लवकर जुळतं पण विरतंही लवकर, तर प्राण्याच्या खनिजाचे दाणे वर्षानुवर्षं आकार धरून राहतात. चांगले परिणाम सगळ्यांनीच मिळतात. धर्म, श्रद्धा किंवा तत्त्व म्हणून प्राण्यापासूनचं काही नको असेल तर आधीच सांगा. हा तुमचा हक्क आहे, आणि पर्याय आहेत.

नंतरचे दोन आठवडे

शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या हातात असते, पुढचे दोन आठवडे तुमच्या. सगळे नियम एकाच गोष्टीभोवती फिरतात: नाकात आणि तोंडात दाब निर्माण होऊ द्यायचा नाही. पडद्याखालचे दाणे अजून सुटेच आहेत, हाड झालेलं नाही.

नाक शिंकरू नका. वाहिलं तर टिपून घ्या. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. एका काकूंचा सहाव्या दिवशी घाबरून फोन आला, "डॉक्टर, शिंक आली म्हणून सवयीने नाक दाबलं, आणि गाल एकदम फुगला." त्यांना बोलावून तपासलं तर गालावर बोट ठेवताच त्वचेखाली बारीक कुरकुर जाणवत होती. हवा शिरली होती. काही दिवसांत ती विरली, पण त्या दिवशी त्यांच्या हाताचा थरथराट मी पाहिलाय. तेव्हापासून शिंकेबद्दल मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, एकदा शस्त्रक्रियेआधी आणि एकदा घरी जाताना.

स्ट्रॉने पिऊ नका, फुगे फुगवू नका, फुंकून वाजवायचं वाद्य हाती घेऊ नका. जड वजन उचलू नका, खाली वाकून कामं करू नका. झोपताना दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. विमानप्रवास किमान दोन आठवडे टाळा. पाण्याखालचं डायव्हिंग डॉक्टर स्पष्ट परवानगी देईपर्यंत बंद.

पहिले एक-दोन दिवस गालावर बाहेरून बर्फ लावा, दहा-पंधरा मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. डोळ्याखाली किंवा गालावर निळे-पिवळे डाग पडू शकतात, तेही जातात. नाकातून एक-दोन दिवस किंचित रक्ताळ पाणी आलं तर चालतं. अन्न मऊ आणि कोमट घ्या, चावा दुसऱ्या बाजूने. दुसऱ्या दिवसापासून सांगितलेलं माउथवॉश वापरा, पण जोरात खळखळून चूळ भरू नका. तोंडात धरा आणि अलगद सोडा. अँटिबायोटिकचा कोर्स बरं वाटलं तरी पूर्ण करा. नाक मोकळं ठेवणारे थेंब दिले असतील तर सांगितलेल्या दिवसांपुरतेच वापरा. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात.

पुढचं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच फोन करा: ताप, चौथ्या-पाचव्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढणारी सूज किंवा ठणका, नाकातून किंवा जखमेतून पू अथवा घाण वास, न थांबणारं रक्त, पाणी पिताना ते नाकात येणं, दिसण्यात काही फरक. नाकातून एखाद-दुसरा वाळूसारखा दाणा पडला तर घाबरायचं कारण नाही, पण कळवा. पुन्हा पुन्हा पडू लागले तर तपासायलाच हवं.

वाट पाहण्याचे महिने

इम्प्लांट त्याच दिवशी बसवलं असेल तर साधारण सहा महिने हाड जुळायला द्यावे लागतात. आधी फक्त लिफ्ट केली असेल तर सहा ते नऊ महिन्यांनी इम्प्लांट आणि त्यानंतर आणखी तीन-चार महिन्यांनी वरची कॅप. म्हणजे वर्ष सहज जातं. घाई नेमकी इथेच नडते. बाहेरून हिरडी पंधरा दिवसांत गुलाबी आणि छान दिसते, आत मात्र दाण्यांच्या जाळीत रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी अजून शिरतच असतात. एखादा समारंभ जवळ आलाय म्हणून कॅप लवकर बसवा असा आग्रह धरू नका. तेवढ्यापुरता तात्पुरता दात मागा, तो वेगळ्या मार्गाने देता येतो.

नीट निवडलेल्या रुग्णांमध्ये अशा हाडात बसवलेली इम्प्लांट टिकण्याचं प्रमाण ९० टक्क्यांहून बरंच वर आहे. टिकवायचं काम मात्र रोजचं आहे: कॅपखाली बारीक ब्रश फिरवणं, वर्षातून किमान एकदा तपासणी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे.

शस्त्रक्रियेची तारीख, बाजू, ग्राफ्टचा प्रकार आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर हे सगळं एका कागदावर चिकटवून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढे कधी सायनसच्या तक्रारीसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं लागलं, तर स्कॅनमध्ये सायनसच्या तळाशी दिसणारा तो पांढरा उंचवटा काय आहे, हे त्यांना त्या कागदावरून लगेच कळेल.